नळ, पडदा, झडप, कुलूप

त्या वस्तीतल्या लोकांना थंडी सोसत नाही, म्हणून हिवाळा लागला की ते सामानसुमान बांधून उबेच्या गावी निघून जातात. आपल्या घरांना थंडी वाजलेली मात्र त्यांना चालत नाही. घरं जुनी, नावाजलेली. उंच खिडक्या, झिजलेल्या दगडी पायऱ्या, दारांवर सिंहाच्या तोंडाच्या पितळी कड्या, आत पियानो, तैलचित्रं आणि मान दुखेपर्यंत बघत राहावीत अशी नक्षीची छतं. घर गारठलं की पियानोचं लाकूड तडकतं, चित्रांचे पोपडे सुटतात, नळात पाणी गोठून नळ फुटतात. म्हणून नदीच्या या काठावर रिकाम्या घरांतून कोळसा जाळायचा आणि पलीकडच्या काठावर माणसांनी भरलेल्या खोल्यांतून कुडकुडायचं, अशी त्या शहराची वाटणी होती. तिच्यावर कुणी कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

ही रिकामी घरं ऊबदार ठेवायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे किल्लीकाका म्हणत. अंगाने काटक, बोलायला तिरकस, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. तरुणपणी ते एका गिरणीत बॉयलरवर होते. गिरणी बंद पडली तेव्हा कोपऱ्यावरच्या घराच्या मालकीणबाईंना कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं, आणि एका घराच्या किल्लीपाठोपाठ आजूबाजूच्या दहा-बारा घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे आल्या. पहिल्याच दिवशी किल्ली हातात देताना मालकीणबाई म्हणाल्या होत्या, “लक्षात ठेवा, घराला माणूस नको आहे. ऊब हवी आहे.”

काकांनी ते असं काही लक्षात ठेवलं की एवढ्या वर्षांत त्यांनी त्या घरांतल्या एकाही खुर्चीला पाठ टेकली नाही. कोळशाच्या बादल्या जिन्यांवरून वाहून कंबरेचा काटा ढिला झाला तरी ते उभ्याउभ्याच दम खात. याचा त्यांना अभिमान होता. आता, बसू नये अशा खुर्चीत न बसण्यात अभिमान तो कसला, असं कुणी म्हणेल. पण माणसाकडे जे असतं त्याचाच तो अभिमान बाळगतो.

दुसरा अभिमान होता झडपेचा. त्या घरांतून भिंतीला लागून छतापर्यंत गेलेल्या, गुळगुळीत फरशांनी मढवलेल्या मोठाल्या शेगड्या असत. त्यांच्या धुराड्यात एक लोखंडी झडप. ती उघडी असली की धूर वर जातो आणि त्याच्याबरोबर निम्मी ऊबही जाते. निखारे पार काळे पडले की मगच झडप लावायची, हे शेगडी पेटवणाऱ्या घरात लहान पोरांनाही ठाऊक असतं. कारण लाल निखाऱ्यांचा वायू खोलीत उतरला तर त्याला ना रंग ना वास. माणूस बसल्या जागी झोपतो, तो झोपतोच.

पण काकांच्या घरांत झोपायला होतं कोण? निखारे काळे पडायची वाट बघत प्रत्येक घरात ताटकळत राहिले असते तर अंधार पडायच्या आत निम्मी घरंसुद्धा उरकली नसती. म्हणून ते निखारे लालभडक असतानाच झडप लावून टाकत. सगळी धग फरशांत कोंडली जाई आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टिके. इतक्या थोड्या कोळशात घर इतकं गरम कसं राहतं, याचं मालकांना मोठं कौतुक. काका नुसते मिशीत हसत.

घर सोडताना ते न चुकता चार शब्द पुटपुटत. “नळ, पडदा, झडप, कुलूप.” नळाची धार बारीक सुटती ठेवायची, म्हणजे पाणी गोठत नाही. पडदे ओढायचे, म्हणजे घर रिकामं असल्याचं चोराचिलटांना कळत नाही. मग झडप, मग कुलूप. शब्द तोंडात आणि काम हातात, डोक्याला त्यात काही काम उरलं नव्हतं.

काकू हे सगळं ऐकून जाणून होत्या. काका-काकू नदीपलीकडे एका इमारतीच्या तळघरातल्या खोलीत राहत. खोलीला एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळे काकूंना जगाचे पाय तेवढे दिसत. त्या शर्टांना काजं करायच्या आणि त्या खिडकीतून गेलेल्या बुटांवरून माणसाची परीक्षा करायच्या. संध्याकाळी काका आले की त्या आधी घरांची खुशाली विचारत, मग त्यांची. काकांनी घरांना नावं ठेवली होती. दारावरच्या पुतळ्याचं नाक मोडलेलं, ते घर ‘नकटा’. तीन जिन्यांचं, बादल्या वाहून जीव काढणारं ते ‘सासरा’. आणि कोपऱ्यावरचं मालकीणबाईंचं घर ‘रुसूबाई’, कारण ते तापायला दोन दिवस घ्यायचं, पण एकदा तापलं की त्याच्यासारखी ऊब दुसऱ्या घरात नव्हती. “आज काय म्हणते रुसूबाई?” असं काकू विचारत, जशी ती त्यांची नणंदच. त्या घरांपैकी एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

झडपेची खुबी काकांनी पहिल्यांदा फुशारकीने सांगितली तेव्हा काकूंनी काज अर्धवट सोडून विचारलं होतं, “आणि आत कुणी असलं तर?”

“कोण असणार? रिकामी घरं ती,” काका म्हणाले होते.

काकूंची छाती आधीपासूनच नाजूक. तळघराच्या भिंतीला बारमाही ओल, पत्र्याची एवढीशी शेगडी, तिची सगळी ऊब ती भिंतच पिऊन टाकायची. त्या वर्षीची थंडी तर उरावर बसायलाच आली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकूंच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग काकांना बाहेर बोलावून सांगितलं की हा हिवाळा निघाला तर पुढचं पुढे बघू. औषध देतो, पण खरं औषध म्हणजे कोरडी ऊब. ती कुठून आणायची ते तुम्ही बघा, असं म्हणून त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

ती कुठून आणायची हे काकांएवढं त्या शहरात कुणाला ठाऊक होतं? रोज सकाळी ते बायकोला ओल्या भिंतीशेजारी ठेवून निघत आणि दिवसभर पियानोंना ऊब देत. काकूंनी एकदाच विषय काढला होता. एखाद्या दुपारी मला रुसूबाईकडे नेऊन बसवा ना, मी कशाला हातसुद्धा लावणार नाही, असं त्या म्हणाल्या. काकांनी सांगितलं, आपण तिथे बसत नाही. काकू खाली मान घालून काजं करत राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. ते न बोलणं काकांना पुढे कित्येक दिवस खात राहिलं.

मग एका सकाळी काकूंना सुई धरवेना. बोटं निळसर पडली होती आणि श्वास घेताना छातीत भांडं घासल्यासारखा आवाज येत होता. काका जुडगा कमरेला लावून दारापर्यंत गेले, तिथेच उभे राहिले, परत आले आणि म्हणाले, “चल, कोट घाल.”

काकूंनी कुठे म्हणून विचारलं नाही. त्यांनी आपला कोट घातला, त्यावर काकांचा जुना कोट घातला, डोक्याला शाल गुंडाळली आणि केस नीट आहेत का ते खिडकीच्या काचेत पाहिलं. पाहुणी म्हणून जायचं तर केस नीट हवेत, असं त्यांचं म्हणणं.

पूल ओलांडायलाच त्यांना बराच वेळ लागला. दोन पावलं चालायचं, कठड्याला धरून थांबायचं. नदीवर काठाकाठाने बर्फ धरला होता. पुलापलीकडे मात्र रस्ता रुंद झाला, झाडांच्या ओळी सुरू झाल्या, आणि काकू थांबल्या त्या दमल्या म्हणून नव्हे. पानं झडलेल्या फांद्यांमधून ती सगळी घरं एकाच वेळी दिसत होती. पिवळट दगडाची, खांबांची, लोखंडी नक्षीच्या सज्जांची. सज्जांवर, कुंपणांच्या भाल्यांवर, दारांवरच्या सिंहांच्या मिशांवर पांढरं दंव गोठलेलं. बागेतले पुतळे थंडीने फुटू नयेत म्हणून त्यांना फळ्यांच्या खोक्यांत बंद केलेलं होतं. पुतळ्यांनाही इथे कोट मिळतात वाटतं, काकू म्हणाल्या, आणि त्यावर हसताना त्यांना इतका खोकला आला की काकांना त्यांना कुंपणाला टेकवून उभं करावं लागलं.

पण त्या खूश होत्या. खरंच खूश होत्या. वर्षानुवर्षं ज्यांच्याबद्दल नुसतं ऐकलं ते सगळे नातेवाईक आज ओळीने भेटत होते. काकांनी काही सांगायच्या आत त्या ओळखत होत्या. हा नकटा. हा सासरा, बघा कसा छाती काढून उभा आहे. एका घरापाशी त्या म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत त्याहून लहानच आहे हो हे. काकांना तो अपमान वाटला, आणि त्या घराच्या आत किती खोल्या आहेत ते पटवत ते पुढच्या वळणापर्यंत गेले. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. तरी ते सारखे मागे वळून बघत होते. बायकोला चालवत नेणारा नवरा म्हणजे काही चोर नव्हे, पण त्या वस्तीत पायी, हातात काही काम नसताना हिंडणारं माणूस आपोआप चोरासारखं दिसतं. आणि त्यांच्या कमरेला तर किल्ल्या होत्या.

रुसूबाईच्या मागच्या दाराने ते आत गेले. आदल्या दिवशीची धग अजून घरात होती. काकांनी बैठकीच्या खोलीतली शेगडी नव्याने भरली, जाळ चांगला धरू दिला, एका आरामखुर्चीवरची पांढरी खोळ काढली आणि ती शेगडीजवळ सरकवली. त्या घरातली खुर्ची हलवण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. काकू आधी नुसत्या काठावर टेकल्या, मग हळूहळू मागे रेलल्या, मग त्यांनी बूट काढून पाय शेगडीच्या फरशांना लावले. खोलीत फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो हळूहळू मऊ होत गेला. भांड्याचा आवाज थांबला. बोटांचा निळेपणा उतरला. काका ते बघत उभे होते आणि मनात स्वतःला लाखोली वाहत होते, की हे मी आधी का नाही केलं, कुठल्या गाढवाची अक्कल मला सुचली होती.

“तुम्हीपण बसा ना,” काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, घरं राहिली आहेत. बागेपलीकडची घरं उरकून अंधार पडायच्या आत येतो, मग बसतो.

निखारे लालबुंद झाले होते. बाहेर उजेड उतरायला लागला होता. काका आवराआवर करू लागले. काकूंचे डोळे पेंगुळले होते. काका पडद्यांकडे वळले तेव्हा त्या म्हणाल्या, एक पडदा उघडा ठेवा, तुम्ही येताना दिसाल. काका म्हणाले, नको, कुणी आत बघितलं तर आपली धडगत नाही. मग काकूंनी डोळे मिटले आणि खुर्चीत आणखी खोल रुतल्या. काका नळ बघून आले, पडदे ओढले, आणि सवयीने पुटपुटले, “नळ, पडदा…”

काकू डोळे न उघडता हसल्या. नवऱ्याची नक्कल करत, अगदी त्याच्याच खर्जातल्या आवाजात त्यांनी वाक्य पुरं केलं, “…झडप, कुलूप.”

काकाही हसले. किती दिवसांनी तिला चेष्टा सुचली, एवढंच त्यांच्या मनात आलं. हसत हसत ते दार ओढून बाहेर पडले आणि कुलूप लावलं.

बागेपलीकडच्या पहिल्या दोन घरांत त्या दिवशी शेगडी पेटवायची नव्हती, नुसते नळ बघायचे होते. ते त्यांनी झटपट बघितले. मनात ते हिशेब जुळवत होते, की उद्यापासून रोज सकाळी तिला आणायचं, संध्याकाळी न्यायचं. चालणं झेपलं नाही तर कोळशाच्या हातगाडीवर बसवून आणू, वर पोतं पांघरू, कुणाला काय कळतंय. मालकीणबाई येईतो हिवाळा निघून जाईल. ते शीळ घालत होते म्हणतात. रस्ता झाडणाऱ्या एका बाईने ती ऐकली, आणि किल्लीकाका शीळ घालतात हे तिला नवलाचं वाटलं.

तिसऱ्या घरात शेगडी पेटवायची होती. त्यांनी ती पेटवली, निखारे धरू दिले, नळ बघितला, पडदा ओढला. मग हात वर केला, झडपेची मूठ धरली आणि तोंडातून शब्द आला, “झडप.” पण तो त्यांना ऐकू आला काकूंच्या आवाजात.

हात तिथेच राहिला. मग तो हातच त्यांना आठवू लागला. त्या हाताने तिथेही मूठ धरली होती का? नळ केला, पडदा केला. ती हसली, मी हसलो. आणि हात? हात तेव्हा कुठे होता? कितीही आठवलं तरी डोक्याला ते आठवेना. पण तळव्याला मुठीचा गरमपणा आठवत होता.

त्या गोठलेल्या दगडी रस्त्यावरून किल्लीकाका धावले. दोनदा पडले. बागेतल्या खोक्यांत बंद पुतळ्यांमधून, नकट्यासमोरून, सासऱ्यासमोरून ते धावत गेले, आणि ज्या किल्ल्या त्यांना मिट्ट काळोखात नुसत्या स्पर्शाने सापडायच्या त्यांतली नेमकी ती एक मागच्या दाराशी काही केल्या सापडेना.

खोली छान गरम होती. काकू होत्या तशाच खुर्चीत होत्या, पाय फरशांना लावलेले. त्यांच्या गालांवर लाली चढली होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात असायची तशी. ते बघून काकांना आनंद झाला. मेल्यासारखा झालेला माणूस खोटं सांगत नाही. त्यांनी नंतर स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की एक क्षण मला आनंद झाला, वाटलं हिला ऊब मानवली.

मग त्यांनी पडदे फाडले, खिडक्या उघडल्या, झडप उघडली, तिला उचलून सज्जात नेलं, गार वाऱ्यात धरलं, हाका मारल्या. शेवटी आणून पुन्हा खुर्चीत ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवरची खोळ न काढताच तिच्यात बसले. झाडणाऱ्या बाईने उघड्या खिडक्या पाहून पोलिसांना बोलावलं, तेव्हा ते तिथेच बसलेले होते.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. काकांनी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की अपघात नव्हे, मी केलं, या हाताने केलं. पोलिसांतला एक जण वयाने मोठा होता. तो म्हणाला, घरी जा आता. काका तळघरात गेले. भिंत ओलीच होती. खिडकीशी अर्धं काज केलेला शर्ट होता.

वसंतात मालकीणबाई परत आल्या. काका किल्ल्या परत करायला गेले आणि मान खाली घालून उभे राहिले. बाई ओरडल्या असत्या, दारातून हाकललं असतं, तर काकांना ते सोसलं असतं. पण त्यांनी हळहळून विचारलं, “मला कळवलं का नाहीत? मी काय नाही म्हटलं असतं?”

खरं असेल, खोटं असेल. वसंतात असं बोलायला कुणाचं काय जातं. पण काकांनी ते खरं धरलं, आणि तिथून पुढे त्यांची झोप गेली ती गेलीच. विचारलं असतं तर ती राजरोस पुढच्या दाराने आली असती. पडदा उघडा राहिला असता. कुणीतरी आत बघितलं असतं.

किल्ल्या बाईंनी परत त्यांच्याच हातात दिल्या. दुसरं भरवशाचं माणूस कुठून आणायचं? घरांना ऊब तर हवीच.

काका अजून ते काम करतात. आता घरं कमी झाली आहेत, कारण पूर्वीसारखी थोड्या कोळशात ऊब राहत नाही, अशी मालकांची कुरकुर असते. निखाऱ्यातला शेवटचा लाल ठिपका विझल्याखेरीज काका झडपेला हात लावत नाहीत. तोवर उभे राहतात. मग रिकाम्या घराच्या जिन्याशी जाऊन मोठ्याने विचारतात, “आत कुणी आहे का?” खोल्याखोल्यांतून उत्तराची वाट बघतात, आणि कुणी नाही अशी खातरी झाली की झडप लावतात. वस्तीत नव्याने कामाला आलेले लोक त्यांना हसतात, म्हातारा चळला म्हणतात.

कोपऱ्यावरच्या घरात मात्र ते हाक मारत नाहीत. तिथे ते शेगडी पेटवतात, एक पडदा उघडा ठेवतात आणि दोन खुर्च्यांतल्या एका खुर्चीत निखारे काळे पडेपर्यंत बसून राहतात.